छाट

हिरेमठ मॅडमनी बजावलं होतं,
आवाज सपाट ठेवायचा.
प्रश्न छापलाय तसाच वाचायचा,
मान हलवायची नाही,
चहा आला तर शेवटच्या प्रश्नानंतर.

विडी घरकुल, दुपारचे दोन.
उन्हानं वरचा पत्रा टकटक वाजतोय.
राजमणी येमूल, वय एकेचाळीस, मांडीवर सूप.
पान, जर्दा, वळण, दोरा.
माझा एक प्रश्न वाचून होईतो
तिच्या तीन विड्या.

"तुम्हाला बहुतेक वेळा आतून रिकामं वाटतं का?
हो, की नाही."

हा प्रश्न क्रमांक सात.
याच्यावर आम्ही सिव्हिलच्या कॅन्टीनमागं दोन दिवस भांडलो.
एकानं तो इंग्रजीतून मराठीत आणला,
दुसऱ्यानं मूळ न बघता परत नेला,
अन् तिथं पोचला तेव्हा झाला होता
'तुम्हाला काही कामधंदा नसतो का?'
मग 'आतून' घातलं.
'पोकळ' म्हटलं तर भोपळा आठवतो, बिराजदार म्हणाले,
'शून्य' म्हटलं तर गणिताचा पेपर.
तेलुगूत खाळी. तेही खोलीला चालतं,
बसायला जागा नसलेल्या बसला चालत नाही,
अन् बिनकामाच्या माणसाला चालतं.

ती हसली. "रिकामी? मी?
हजार भरल्याबिगर उठता येत नाही,
अन् रिकामी का विचारतीस?"
मी पेन्सिल 'नाही'वर टेकवली.
मग सुपाकडं बघत म्हणाली,
"कारखाना बंद असतो त्या दिवशी
काहीतरी होतंय खरं, हितं, गळ्याच्या खाली.
त्याला काय म्हणतेत ते तू सांग."

सांगायचं नसतं.

"लोक तुमच्या पाठीमागं बोलतात असं वाटतं का?"
भिंतीपलीकडून उत्तर आलं,
"बोलतो की! भिशीचे पैसे कधी दिली ही?"
(बोल्ली अंबूबाई. त्यांची मुलाखत उद्या.)
आता हा संशय, की माहिती?
रकाना एकच आहे.

"राग आवरत नाही, असं होतं का?"
"कुणाचा?"
इतकं साधं आमच्यात कुणालाच सुचलं नव्हतं.
प्रश्न पुन्हा वाचायचा, तसाच. वाचला.
आतल्या खोलीत खाट करकरली.
तिनं आवाज खाली आणला.
"हो लिही.
नको, नाही लिही.
हो लिही, पण बारीक."

बेरीज पाच.
चारच्या वर गेलं की दुसरी फेरी,
डॉक्टर स्वतः बोलतात, तासभर.
ही नुसती चाळणी, निदान नव्हे,
सुटण्यापेक्षा जास्तीचे अडकलेले बरे.
मी हे शक्य तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हणजे छाट," ती म्हणाली.
"आमचा चेकर बसतो की. विडी उचलतो,
फिरवून बघतो, ओढून बघत नाही.
वीस काढतो बाजूला, त्यातल्या पंधरा चांगल्या असतेत."
हेच मॅडमनी फळ्यावर टक्क्यांत मांडलं होतं.
"काढलेल्या पण विकतेत ते. पैसे आमचे जातेत."
मी म्हटलं, इथं कुणाचे पैसे जात नाहीत.
ती म्हणाली, "बरं."
फॉर्मवर 'बरं'ला जागा नाही.

चहा आला. बशीत ओतून माझ्यापुढं सरकवत,
"तुझं किती आलं?"
"आम्ही नाही भरत."
"असं कसं? चेकरच्या विड्या कोण बघतंय मग?"

मी सही दाखवली, इथं अंगठा नको, नाव चालेल.
तिनं ते सावकाश लिहिलं, 'ये'ची मात्रा विसरली, नंतर दिली.
"तासभर?" मान वर न करता.
"माझ्याशीच?"
"हो."
"डॉक्टर बोलणार, की मी?"
"तुम्ही."
"सोमवारी नको. सोमवारी माल द्यायचा असतो."

अन् दीड तासात पहिल्यांदा
हात सुपात थांबले.
नोंदवायचं नव्हतं, तरी मी घड्याळ पाहिलं.
तीन वाजून सदतीस.