हो, हो

सेलूत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत माझी गिरणी.
दोन जाती, एक ज्वारीचं, एक डाळीचं.
उजवा कान गेला तो पोळ्याच्या करीला.
रात्री होता, सकाळी नव्हता.
उशीखाली राहिला असेल म्हणून
खरंच उशी उचलून पाहिली मी. हसू नका.

परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग सुया,
मग म्हणाले, यायला उशीर केलात.
दळण होतं, म्हटलं.

एका कानाचं माणूस ठार बहिरं नसतं,
म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही.
हाक आली की भिंगरीसारखं फिरायचं,
कारण हाक येते, पण कुठून ते सांगत नाही.
पंगतीत उजवीकडची बाई नुसते ओठ हलवते.
तिला म्हणायचं, हो, हो.
हो म्हटलं की माणसं पुढं सरकतात.

आता यंत्र आलंय, दोन तुकड्यांचं.
उजवीकडचा तुकडा ऐकत नाही, फक्त उचलतो
आणि डावीकडच्याला नेऊन देतो,
शेजारणीचा निरोप आणणाऱ्या पोरासारखा,
थोडा धापा टाकत, थोडा नाकात.

सेलवरचा तपकिरी कागद सोलला
की लगेच बसवायचा नाही.
मिनिटभर त्याला वारा पिऊ द्यायचा.
हे मला चार सेल वाया गेल्यावर कळलं.
पाणी नाही, साबण नाही, कोरडा ब्रश,
आणि भोक खाली करून झाडायचं, वर नाही.
भोक सुईच्या टोकाएवढं,
आणि इथं माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या.
म्हणून जातं चालू असलं की यंत्र डबीत,
निळ्या मण्यांसोबत.
मणी गुलाबी झाले की समजायचं, त्यांचं पोट भरलं.
पहिली डबी हिंगाची होती.
आठवडाभर कानामागं फोडणी.

कौसाबाई दर गुरुवारी यायची,
चार किलो ज्वारी, कधी वर मूठभर उडीद.
डावीकडं पट्टा फिरतो म्हणून
ती उजवीकडं उभी राहायची, पदर नाकाला लावून,
आणि बोलायची काहीबाही.
मी म्हणायची, हो, हो.

त्या गुरुवारी लाईट गेली.
जातं शेवटचं गरगरलं आणि गप्प झालं.
मी हात पुसले, पुन्हा पुसले,
कपाळ, कानामागचा घाम,
यंत्र चढवलं.
आणि उजवीकडून, म्हणजे माझ्या डाव्या कानात,
कौसाबाई म्हणाली:
"पुन्हा इचारते बाई,
माझ्या सुनेला घेतीस का हाताखाली?
तीन वर्सं झाले. हो म्हणतीस अन् बलवीत न्हाईस."

तीन वर्षं.
गुरुवार मोजायला गेले, दीडशेच्या पुढं सोडून दिले.
घरी जाऊन काय सांगत असेल ती यशोधरेला?
गिरणीवाली हो म्हणली.
पुढच्या गुरुवारी, हो म्हणली.
आणि ती पोर डोक्याला तेल लावून बसत असेल दाराशी.

मी केस मागं करून कान दाखवला.
तिनं वाकून पाहिलं, बोट लावायला निघाली,
पिठाचं बोट. मी मागं सरले.
"एवढंसं? अन् केवढ्याला?"
किंमत ऐकून ती पोत्यावर बसली.
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
लाईट नव्हती म्हणून तेही ऐकू आलं.

यशोधरा सोमवारी आली.
महिन्यात टाकी लावायला शिकली, जात्याला दात काढायला.
चाडं रिकामं झालं की दगडाचा सूर बदलतो,
तो तिला माझ्याआधी कळतो.
रात्री गिरणी बंद करताना विचारते,
सेलचं दार उघडं ठेवलं का ताई?
मला राग येतो, कारण बहुतेक वेळा ठेवलेलं नसतं.

यंत्र डबीत असतं तेव्हा
ती मला हाक मारत नाही.
ज्वारीचे चार दाणे उजव्या खांद्यावर फेकते.
मी वळते.
हो म्हणायच्या आधी विचारते,
काय?