पुरुमेंताचं मीठ

बांबोळीच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्यापर्यंत माणूस सहसा पोचत नाही.
पोचतो तो मेणाचा ठोकळा,
वर पेन्सिलीने नंबर,
आत शेवयांसारखे बारा तुकडे.

सगुण परब, आगरवाडा, वय एकाहत्तर,
हे फॉर्मवरून कळलं.
प्रोस्टेट. हाडांत गेलेला.
खाली डॉक्टरांचं गिचमिड: जनुक तपासा.

पात्यावरून फीत निघते
केसाहून पातळ.
ती कोमट पाण्यावर सोडताना मी श्वास रोखते,
फुंकरीनेही चुरगळते ती.
मग मेण उतरवायचं, पेशी फोडायच्या,
आणि यंत्राला रात्रभर बसवायचं
चारच अक्षरांची ती पोथी वाचत.

एका जागी एक अक्षर गळलेलं.
तिथून पुढे सगळं वाक्य सरकलेलं.

मग रक्त मागवलं,
चूक गाठीपुरती की जन्माची, बघायला.
रक्त देऊन तो जिना चुकला
आणि लेकीसकट थेट माझ्या दारात.
टाचांना मिठागराच्या भेगा.
"बाये, म्हज्या रगतांत कितें सोदता?"
म्हटलं, काका, एक अक्षर.

तो हसला.
पोर्तुगिजांच्या वहीत त्याच्या आजाचं
परबाचं पोरोब झालेलं.
नातवाच्या पासपोर्टाला ते अडलं,
वकिलाने शपथपत्र करून सुधारलं,
चार हजार घेतले मेल्याने.
"ह्याचं नाही तसं करता येत?"

नाही येत.
पण ज्या पेशींत ही चूक असते
त्यांना एक गोळी लागू पडते,
हे मी बोलले नाही. ते डॉक्टरांनी बोलायचं.

त्याऐवजी त्याला दाखवलं,
नियमात बसत नाही तरी:
फोडलेल्या पेशींच्या पाण्यात दाट मीठ,
गाळ खाली बसतो,
वरचं निवळ दुसऱ्या नळीत, त्यावर गार अल्कोहोल,
आणि नळी हलकेच उलटी-सुलटी केली की
पांढरा धागा, भिजल्या सुतासारखा.
तो कितीतरी वेळ गप्प.
"मिठान काडलें?"
परक्या बाजारात
गाववाला भेटावा तसा चेहरा.

मे महिन्यात पीएसए उतरला.
गोळ्यांनी तोंडाची चव गेली,
अंगातलं रक्त कमी झालं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या,
तरी उतरला.
तो पिशवी घेऊन आला.
पुरुमेंताचं मीठ, करडं, जाड, अजून ओलसर.
आमचं मीठ सीलबंद बाटलीतलं, महाग,
हे इथे चालायचं नाही.
मी घेतलं. लोणच्यात घातलं.

पिशवीमागे सुलक्षा उभी होती,
बाही आधीच वर केलेली.
बापाचं ते अक्षर तिच्याकडे आलंय का,
शक्यता निम्मी.
"नाव नीट लिहा," ती म्हणाली,
"आमच्यात चुकतं."

प. र. ब.
मी पुन्हा विचारलं.
तिने पुन्हा सांगितलं.