घोडा उठला का

बुधवारी संध्याकाळी साडेसातला
सिंहगडावरून घोडेस्वार उतरायचे.
असं कुणी सांगितलं नव्हतं, पण
शिरसाठ सिस्टरांच्या पत्र्यावरचा अँटेना
गडाकडे तोंड करून उभा,
आणि वारा सुटला की स्वारांना मुंग्या यायच्या.
मग पास्कल वर चढून दांडा फिरवायचा.
"आले का?"
"टोप्या आल्या!"
"आता?"
"आता घोडे!"
गडावरून घोड्यावर दुसरं कोण येणार?

घोरपडीच्या चाळीतली अठरा पोरं,
एक सतरंजी,
लाकडी शटर सरकवलेली पेटी.
आधी नुसती शीळ.
मग लांबून टापा, मग माउथ ऑर्गन,
आणि मग तो खर्जातला माणूस गायला लागायचा.
इंग्रजी आम्हाला पाचवीपासून, म्हणजे नव्हतंच.
एकच शब्द कळायचा : लोणी.
दर ओळीला लोणी, लोणी.
म्हणजे गडी लोणीला निघालाय,
हडपसर ओलांडून, सोलापूर रस्त्यानं,
काळभोरांच्या लोणीला.
मुनव्वर म्हणाला, तिथं त्याच्या चुलत्याचं गुऱ्हाळ आहे,
घोड्याला गूळ लागतोच.
पटलं.

वडील रेसकोर्सवर मोतद्दार.
पहाटे साडेतीनला निघायचे,
अंगाला ओल्या गवताचा नि मालिशच्या तेलाचा वास.
टीव्हीला कधी यायचे नाहीत.
एकदाच आले, दारातच उभे राहिले, चपला न काढता.
बंदुकांकडे बघितलं नाही त्यांनी. हिरोकडंही नाही.
"लगाम कसा ओढतोय बघ, तोंड फाटंल त्याचं."
"ह्याला सकाळपासनं पाणी नाही दाखवलं."
सिस्टर म्हणाल्या, गेनूभाऊ, जरा गप उभे राहा.
मग दरीत गोळी सुटली,
एक पांढऱ्या पायाचा घोडा गुडघ्यावर आला,
धुळीत कलंडला,
आणि चित्र लगेच हिरोच्या तोंडावर.

पुन्हा लोणी, लोणी सुरू झालं, नावं वर सरकायला लागली,
पोरं उठून चड्ड्या झटकू लागली.
"घोडा उठला का?"
कुणालाच माहीत नव्हतं.
आम्ही घोड्याकडं बघतच नव्हतो.
रेल्वे फाटकापाशी, गाडी जाईपर्यंत थांबलो तेव्हा पुन्हा :
"उठला असंल ना रं?"

(त्यांनी एक बघितला होता न उठलेला.
शेवटच्या वळणावर. भोवती कनात धरली होती,
एक टोक ह्यांच्याच हातात.
हे आईनं सांगितलं, पुष्कळ वर्षांनी,
शेंगा सोलता सोलता.)

अकरावीत पाटणकर बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला.
लोनली. म्हणजे एकटा, ज्याला कुणी नाही असा.
मागच्या बाकावर मी मोठ्यानं हसलो,
वर्गाबाहेर काढलं मला,
आणि व्हरांड्यात उभा राहून ते गाणं
पहिल्यांदा नीट ऐकू आलं, मनातल्या मनात, सगळं.
पण म्हणून काही त्याचं लोणीला जाणं
रद्द झालं नाही.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
रात्रपाळीहून सायकलनं येताना
होळकर पुलावर ती शीळ आपोआप यायची.
एकदा समोरच्या सायकलवाल्यानं पुढची ओळ घातली
आणि थांबला नाही. चेहराही दिसला नाही.

आता मांजरीला राहतो. लोणी एक स्टेशन पुढं.
मुद्दाम असा अजून गेलेलो नाही.

परवा नातीनं फोनवर शोधून दिलं.
तोच भाग आहे की नाही देव जाणे, दऱ्या सगळ्या सारख्याच.
शीळ केवढीशी वाटली, डबीतून आल्यासारखी.
गोळी सुटली. घोडा कलंडला.
मी बोटानं चित्र थांबवलं
आणि पन्नास वर्षांनी घोड्याकडं बघितलं.

हिरोच्या टोपीमागं, धुळीत,
चित्र तुटायच्या अगदी आधी
एक पांढरा पाय पुढं टेकवलेला.
गाय उठते ती मागच्या पायांवर,
घोडा पुढचे पाय आधी रोवतो.
वडिलांनीच दाखवलं होतं हे, तबेल्यात,
मला कडेवर घेऊन.

मागं घेतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागं.
"आबा, पुढं जाऊ दे ना आता," नात म्हणाली.
थांब गं.
उठतोय तो.