हात कपाळाला

रोडेलिओ बोसन होता, मी ऑईलर.
मस्कतबाहेर नांगर टाकून नववा दिवस.
उठता उठता त्यानं म्हाताऱ्या भंडाऱ्याचा हात उचलला
आणि स्वतःच्या कपाळाला लावला.
"आमच्यात करतात असं," म्हणाला. मग, "करायचे."
नातू दुबईत. फोनवर दोन बोटं दाखवतो, बस.

मी हसलो होतो तेव्हा:
नावं तुमची स्पेनची, शाळा अमेरिकेची,
उरलं काय, तर एक कपाळ?
तोही हसला,
भातात बांगडा कुस्करत राहिला.

आता निवतीत
रोज संध्याकाळी सात वाजता मी गाऱ्हाणं घालतो.
देवळात नाही,
पुतण्याच्या होमस्टेच्या अंगणात.
दोनशे रुपये, वर जेवण.
बारा वहिवाटींतल्या नऊ आठवतात,
तीन पुटपुटून मारून नेतो.
पाहुणे मोबाईल उंच धरून ओरडतात,
होय म्हाराजा!
उच्चार वाईट, जोर मात्र
गावात उरलेल्या चौघांपेक्षा बरा.
राखणदाराचा नारळ
शहाळं होऊन, स्ट्रॉ लावून
तीन नंबरच्या खोलीत जातो.

काल जुईली आली पुण्याहून.
टाळीसाठी तिनं पंजा वर केला.
काय झालं कोण जाणे,
मी तो धरला आणि टेकवला
माझ्याच कपाळाला.
उलटंच झालं सगळं. रोडेलिओ असता तर
पोट धरून हसला असता.

ती दचकली. हात तसाच ठेवून म्हणाली,
"आबा, ताप आलाय का?"

होय, म्हटलं.
ठेव जरा.