हवाई अंतर

पुणे ते नागपूर, हवाई अंतर
सहाशे पाच किलोमीटर. मी मोजलंय.
भिंतीवरच्या नकाशावर शिवणाचा दोरा ताणून,
मग दोरा पट्टीवर ठेवून,
ताणलं गेलेलं तेवढं वजा करून.
बत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढलेल्या माणसाला
मोबाइलचा आकडा पुरत नाही.
मोबाइलचा आकडाही तोच निघाला.
जरा हिरमुसलो.

वेळ : एक तास पंचवीस मिनिटं.

त्यात धानोरी ते लोहगाव धरलेलं नाही.
सव्वाचार किलोमीटर, पाऊण तास,
त्यातला अर्धा पोरवाल रस्त्यावर उभ्यानं.
रिक्षावाला म्हणाला, काका, चालत गेला असता तर
एव्हाना चहा घेत बसला असता.

तपासणीच्या पट्ट्यावर घड्याळ, पट्टा, चिल्लर,
आणि खिशातला मोजायचा टेप.
हे कशाला? गणवेशातल्या पोरानं विचारलं.
सवय, म्हटलं.
त्यानं तो ओढून पाहिला, एक मीटर, दोन मीटर,
सोडला. सर्रकन आत गेला.
जा, म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी याच टेपनं
आईच्या मागे राहिलेला प्लॉट मोजला होता.
साडेतीन फूट शेषूचे माझ्याकडे निघत होते
किंवा माझे त्याच्याकडे.
कागद माझ्या बाजूनं होता.
कागद मीच काढला होता.

सरळ रेषेत उडालं तर
निम्म्या वाटेवर लोणार येतं,
थोडं इकडेतिकडे.
वरून काहीतरी एकदाच पडलं
आणि पाणी अजून खारट आहे.
याच्यापुढे मला त्यावर काही म्हणायचं नाही.

मंगळवारी त्याचा फोन आला.
आवाज ओळखायला मला चार सेकंद लागले,
हे अंतर कुठल्या रकान्यात लिहायचं?
बायपास हाये शुक्रवारी. तुले सांगून ठेवतो.
पुढं दोघंही गप्प.
फोनवर लिहून आलं : एक मिनिट छप्पन्न सेकंद.

काचेबाहेर हवाई दलाची दोन विमानं
कान फाडत उठली.
धावपट्टी त्यांची, आधी ती.
फलकावर आमचं उड्डाण चाळीस मिनिटं उशिरा,
मग पासष्ट,
मग नुसताच उशिरा.
पिशवीत सासवडचे अंजीर आहेत.
बोटानं चाचपून पाहिले, मऊ पडायला लागलेत.

खिशात फोन थरथरला. शेषू.
निंगाला का?

तीस वर्षं पुण्यात मी 'निघालो' म्हणत आलोय,
भाजीवालीला, साहेबाला, बायकोच्या माहेरी,
एकदाही जीभ घसरली नाही.

विमान अजून आलेलंच नाही.
खुर्चीतून न उठता,
तीन नंबरच्या गेटसमोर,
शून्य किलोमीटरवर,
चष्मा कपाळावर सारून टाइप केलं :
निंगालो.