नवं पान

सहा रोपं. सातवं लावलं तर दंड,
म्हणून सहाच. फ्राय बेंतोसच्या टपाल कचेरीत नोंद केली.
खिडकीतल्या पोरीने वय विचारलं,
अठ्ठ्याहत्तर म्हटलं. तिने शिक्का मारला
आणि आवाज उतरवून म्हणाली, संधिवात का?
नवऱ्याचा, मी म्हटलं. बोटं.

बावीस वर्षं मांसाच्या कारखान्यात, शीतगृहात,
आकड्यांना टांगलेल्या अर्ध्या गायी ढकलताना
अन्सेल्मोच्या हातांत जी थंडी शिरली
ती कारखाना बंद पडला तरी निघाली नाही.
रात्री तो हात मांड्यांखाली दाबून झोपतो.
दुखतं का विचारलं तर म्हणतो, झोप.

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात,
चौथ्या रोपाचं खालचं पान पिवळं पडलं,
सगळं, एकसारखं, उकडलेल्या मक्यासारखं.
भूक, मी म्हटलं. नत्र कमी.
कोंबडीखताचं पाणी घातलं, दोन तांबे.
मग दुसऱ्याच्या शिरा हिरव्या आणि मधलं फिकट,
एक्स-रेत हाडं उठून दिसावीत तसं.
दुकानदाराने एप्सम मीठ बांधून दिलं.
पाचव्यावर गंजाचे ठिपके आले,
मी अंड्यांची टरफलं कुटली, केळीच्या साली भिजवल्या,
आणि पुन्हा कोंबडीखत.
टोकं जळाली. पानं गर्द होऊन
नख्यांसारखी खाली वळली.
तरी घालतच राहिले.

अन्सेल्मो खुर्चीत मातेचा घोट घेत म्हणाला,
"पोट फुटेल त्यांचं, नेलिदा."
त्या दिवसाचं त्याचं तेवढंच बोलणं.

रविवारी वॉशिंग्टन इरिगोयेन आला.
कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो पोरसवदा होता,
बाटल्या धुवायचा, नमुने मोजायचा,
अजूनही भिंगाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.
पान खुडलं नाही त्याने. उलटं केलं फक्त.
"कोळी नाहीत. पिवळं कुठून सुरू झालं?
बुडातून की शेंड्यातून?"
बुडातून. "आणि शेंडा?"
शेंडाही, परवापासून.

"नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानातलं काढून
वर धाडतं. डोळे पुसू नकोस, त्यात माया नाही,
हिशेब आहे. लोह मात्र हलत नाही,
जिथे बसलं तिथे बसलं,
म्हणून त्याची ओरड शेंड्याला.
तुझ्याकडे दोन्हीकडे ओरड.
सगळंच एकदम कसं संपेल?"

खिशातून कागदाची पट्टी काढून
त्याने आमच्या पंपाच्या पाण्यात बुडवली.
पट्टी निळसर हिरवी झाली.
"आठ. चुनखडीचं पाणी.
माती तर तू वखारीसारखी भरलीस,
पण या पाण्यात मुळांना कडी निघत नाही.
निम्मं आत अडकलंय,
उरलेल्याने टोकं भाजलीत."

अति तिथे माती म्हणतात.
इथे माती आधीच होती,
अति तेवढं माझं.

मग लिंबू. अंगणातलंच.
बादलीत पिळायचं, पट्टी बुडवायची,
साडेसहाला थांबायचं.
कुंडीतून पाणी वाहून जाईपर्यंत धुवायचं
आणि दोन आठवडे काही म्हणजे काही द्यायचं नाही.
"पिवळं पुन्हा हिरवं होत नसतं,"
जाताना वॉशिंग्टन म्हणाला,
"त्याच्याकडे बघत बसू नकोस. नवं बघ."

दोन आठवडे. मला कढई घासताना हात थांबवता येत नाही,
आणि हे.
पहाटे उठून कुंड्यांपाशी जायचे, मागे फिरायचे.
एका रात्री अन्सेल्मोला
दुखतं का, विचारलं नाही.
तो बराच वेळ जागा होता.
मग म्हणाला, आज डावा.

सहावं रोप गेलं.
का, ते वॉशिंग्टनलाही भिंगातून सापडलं नाही.
चौथ्याला अकराव्या दिवशी पान फुटलं,
ओलं, लखलखीत, अजून घडी न मोडलेलं.
मी लिंबू पिळत होते.
अन्सेल्मो खुर्चीतून उठून आला, वाकला,
उजवा पंजा पानाखाली धरला, न लावता,
आणि मोजलं.
"सात," म्हणाला.
"माझ्यापेक्षा तीन जास्त."