घरचं मैदान

क्रॉलीत दर रविवारी मी लाइन्समन असतो.
बाकीचे दिवस गॅटविकला बॅगा चढवतो,
म्हणजे आठवडाभर माणसांचं सामान
आणि एक दिवस माणसं:
रेषेच्या आत की बाहेर, एवढंच बघायचं.

आज चागोस विरुद्ध कॉर्नवॉल.
देश म्हणून दोघांनाही कुणी विचारत नाही.
कुंपणाला झेंडा बांधलाय आमच्याच शिफ्टमधल्या रेजीनं,
बॅगांना लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी.
रेजी गोलकीपर. जन्म इथलाच.
बेट त्यानं फोनवर पाहिलंय, वरून,
बोटांनी मोठं केलं की
फुटून चौकोन चौकोन होणारं.

लीगचा सेक्रेटरी मॉरिस टिलबरी
थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला,
"वाईट वाटून घेऊ नकोस,
पण देशांनी देशांशी खेळावं.
ह्यांना घेतलं तर उद्या आमची गल्ली येईल
जर्सी शिवून. मग थांबायचं कुठं?"

माणूस वाईट नाही.
मैदानाचं भाडं दोनदा त्यानंच भरलंय,
कुणाला न सांगता.
आणि प्रश्नही खोटा नाही.
थांबायचं कुठं, ते मला सांगता येत नाही.
माझ्या हातात निशाण आहे, पट्टी नाही.

मला पाणसरे आठवलं.
गाव धरणात गेलं तेव्हा मी आईच्या पोटात.
दिलेल्या माळावर पाटी होती 'पुनर्वसन क्र. ४',
पण कबड्डीला उतरायचो ते पाणसरे म्हणूनच.
तालुक्याच्या स्पर्धेत पंचांनी यादी चाळली,
"हे गाव नोंदीत नाही. आहे कुठं?"
आमचा कप्तान दगडू
मांडीला माती चोळत म्हणाला,
"धरणात. सामना तिथं ठेवता का?"

हशा झाला. उतरू दिलं.
बावीस गुणांनी हरलो.
पण भोंग्यावरून तीनदा
पाणसरे, पाणसरे, पाणसरे,
आणि कधी सामना न बघणारे माझे वडील
चहाच्या टपरीमागं
तोंड फिरवून उभे.

इथं सहा-शून्य झालंय.
रेजीचे हातमोजे चिखलाचे.
घडीच्या खुर्चीत ऑक्ताव्ह म्हातारा,
बेटाची वाळू पायाला लागलेला
अख्ख्या मैदानात तो एकटाच.
पोरांनी छातीवरचा खेकडा नेटवरून उतरवला
तर सगळ्या जर्सी त्यानं परत पाठवल्या होत्या:
"नांगी चुकली. डावी मोठी असते.
डावीनंच तो नारळ सोलतो."

शेवटची दोन मिनिटं.
बारका जोस्लें कसा कोण जाणे मोकळा सुटला,
आणि बॉल जाळ्यात.
सगळी खुर्च्यांवरून उठली, टिलबरीसुद्धा,
थर्मास लवंडला.

माझा हात वर.

तो पुढं होता. मी पाहिलं.
पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.
रेजीनं शंभर यार्डांवरून मला जे म्हटलं
ते क्रिओलमध्ये होतं,
पण शिव्यांना दुभाषा लागत नाही.

सामना संपल्यावर म्हाताऱ्यानं बोलावलं.
"ऑफसाइड होता?"
"होता."
"किती?"
मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.
त्यानं माझी वीत आपल्या बोटांनी धरली,
नीट बघितली,
मग लेकीकडं वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं
आणि दोघं हसायला लागली.
ती मला म्हणाली, "बाबा म्हणतायत,
एवढे पुढं होतो आपण."

टिलबरीनं पुढच्या हंगामाचा फॉर्म आणला,
चहाचे डाग पडलेला.
संघाचं नाव. जर्सीचा रंग. घरचं मैदान.
रेजी त्या रकान्यापाशी बराच वेळ अडला.
मग लिहिलं: भाड्याचं.
टिलबरीनं वाचलं, चष्मा पुसला,
खोडलं नाही.

पट्ट्या तोडायला कात्री नव्हती.
रेजीनं दातांनी तोडल्या, झेंड्याची घडी माझ्याकडं दिली,
अजून घुश्श्यातच.
"उद्या आणशील. पहाटे चारची शिफ्ट आहे."